घडीच्या आतला रंग
(जुन्या मॉडेल डब्यांचे रंग ओळखण्याविषयीच्या पुस्तिकेची प्रस्तावना)

चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर पत्र्याचा एक जुना खेळण्यातला रेल्वेडबा मिळाला. तो वर्तमानपत्रात गुंडाळून मी भाऊच्या धक्क्यावरून, उरणला घरी जायला, मोऱ्याच्या लाँचमध्ये बसलो, त्याला आता बरीच वर्षे झाली. ओहोटी होती. लाँच मोऱ्याला लागेना, म्हणून बराच वेळ पाण्यातच बसून राहावे लागले आणि तेवढ्यात डबा तीनदा उघडून पाहिला. उन्हात धरला तेव्हा तो विटकरी दिसला, लाँचच्या छपराखाली चॉकलेटी. उतरेपर्यंत दिवस कलला होता, तेव्हा जवळजवळ काळा. घरी येऊन ट्यूबलाइटखाली टेबलावर ठेवला, तर आत्या लांबूनच म्हणाली, "हा डाळिंबी आहे रे. वरनं विटलाय नुसता."

मला हसू आले. आत्याला रेल्वेतले काही कळत नव्हते. लुगड्यातले मात्र कळत होते. तिने ट्रंकेतून एक जुने नऊवारी काढले आणि घडीची बाहेरची कड दाखवली. ती फिकट, मातकट झाली होती. मग दोन पदर उलगडून आतला भाग समोर धरला. तो अजून तसाच होता, भरलेल्या डाळिंबासारखा. "लुगड्याचा रंग कुणी कडेवरून सांगतं का? घडीच्या आत बघायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी, खिडकीपाशी बसून, डब्याचे छप्पर धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या चार जिभा मी एकेक करून सरळ केल्या. छप्पर सुटून हातात आले. त्याच्या कडेखाली, जिथे इतक्या वर्षांत ऊन पोचलेच नव्हते, तिथे तांदळाच्या दाण्याएवढ्या रुंदीचा एक पट्टा डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता. तो डाळिंबी होता. ही पुस्तिका त्या पट्ट्यातून निघाली आहे.

विषय छोटा आहे, हे आधीच कबूल करतो. खऱ्या रेल्वेच्या ८७व्या, ७६व्या किंवा साधारण ४३व्या हिश्शाने केलेले डबे, आणि त्यांचे रंग. असे डबे आपल्याकडे कुणाच्या माळ्यावर पेटीत असतात, कुणाच्या काचेच्या कपाटात. काही लिव्हरपूलचे. तिथे मेकॅनोच्या कारखान्यातून फ्रँक हॉर्नबीने १९२० साली खेळण्यातल्या गाड्या काढायला सुरुवात केली आणि त्याच्या मागे कंपनीने १९३८ मध्ये त्याहून लहान मापाची 'हॉर्नबी डब्लो' आणली. काही जर्मनीतल्या मार्कलिनचे. आणि काही इथल्याच हौशी हातांनी पुठ्ठा, पत्रा, सागाच्या फळकुट्या जोडून केलेले, ज्यांवर कुणाचेच नाव नाही. (जुन्या मुंबईकराला हॉर्नबी म्हटले की बोरीबंदरसमोरचा हॉर्नबी रोड आठवतो. आजचा दादाभाई नौरोजी रोड. तो हॉर्नबी वेगळा, अठराव्या शतकातला मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्नबी. खेळण्यांशी त्याचा संबंध नाही, पण रस्ता नेमका स्टेशनासमोरूनच जातो याची गंमत वाटते.) पुण्यात कोथरूडला १ एप्रिल १९९८ रोजी जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय उघडले. तिथले चालते रूळ, सिग्नल आणि गाड्या पाहून आल्यावर हा छंद म्हणजे पोरखेळ नव्हे हे पुष्कळांच्या लक्षात आले असेल.

एक शब्द सुरुवातीलाच सरळ करून घेतो. आपण डब्याला सर्रास 'बोगी' म्हणतो. कारखान्यात बोगी म्हणजे डब्याखालची चाकांची चौकट. या पुस्तिकेत डबा म्हणजे डबा आणि बोगी म्हणजे ती चौकट. दोघांना रंग वेगळा लावतात, त्यामुळे 'बोगी काळी होती' असे कुणी म्हणाले की तो नेमके कशाबद्दल बोलतोय, हे आधी विचारावे लागते.

आता मुख्य प्रश्न. छंदातले लोक भेटले की पहिला वाद याच्यावरच होतो: या डब्याचा बरोबर रंग कोणता? मला पूर्वी वाटायचे की या प्रश्नाला उत्तर असते आणि ते कुठल्या तरी जाड ग्रंथात लिहिलेले असते. हळूहळू कळले की प्रश्नच अर्धा आहे. रंग विचारायचा तर सोबत तारीख विचारावी लागते. शिवाय कोणाचा रंग, हेही. रेल्वेने खऱ्या डब्याला दिलेला रंग एक. खेळणी करणाऱ्या कारखान्याने त्या डब्याच्या मॉडेलवर लावलेला रंग दुसरा, आणि तो पहिल्याशी जुळलाच पाहिजे असे कारखान्यावर बंधन नव्हते. पन्नास-साठ वर्षांचे ऊन, धूर, तेलकट हात आणि दमट हवा यांनी आज त्यावर आणून ठेवलेला रंग तिसरा. तीनही खरे आहेत. भांडण होते ते एक जण पहिल्याविषयी बोलत असतो आणि दुसरा तिसऱ्याविषयी, म्हणून.

तारखेचे महत्त्व पटवायला आपल्या सगळ्यांच्या ओळखीची गाडी घेऊ. डेक्कन क्वीनचा रंग कोणता? माझ्या पिढीचा माणूस क्षणाचाही विचार न करता निळा आणि सायीचा म्हणेल. ती जोडी आली १९६६ मध्ये, पेरांबूरच्या कारखान्यात झालेल्या पोलादी डब्यांबरोबर: खाली ऑक्सफर्ड निळा, वर साय, खिडक्यांच्या वरून लाल पट्टा. त्याआधीची कथा वेगळी आहे. १ जून १९३० रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेने ही गाडी सुरू केली तेव्हा तिचे सात-सात डब्यांचे दोन रेक होते. डब्यांचे खालचे सांगाडे विलायतेहून आले, वरचे अंग माटुंग्याच्या कारखान्यात चढले. एक रेक रुपेरी रंगाचा, त्यावर उठावाच्या लालभडक पट्ट्या. दुसरा गर्द 'रॉयल' निळा, त्यावर सोनेरी रेघा. म्हणजे त्या काळात पुण्याच्या फलाटावर एक दिवसाआड उभ्या राहिलेल्या दोन माणसांनी पुढे नातवंडांना शपथेवर दोन वेगळे रंग सांगितले असते, आणि दोघेही खोटे बोलत नसते. २०२२ मध्ये याच गाडीला एलएचबी जातीचे नवे डबे लागले आणि रंगसंगती पुन्हा बदलली. आज शाळेत असलेल्या मुलाची डेक्कन क्वीन माझ्या डेक्कन क्वीनपेक्षा वेगळी आहे.

स्मरणशक्ती इथे फार दगा देते. एसटीला आपण 'लाल डबा' म्हणतो ते इतक्या सवयीने, की ती जन्मापासून लाल असणार असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला निघालेली पहिली एसटी निळी होती, वरचा भाग रुपेरी. हे सांगितले की लोक मान हलवतात, पण डोळ्यांपुढे मात्र लालच गाडी आणतात. रेल्वेच्या साध्या डब्यांचेही तेच. ज्याचे बालपण सत्तर-ऐंशीच्या दशकात गेले, त्याला मेल-एक्स्प्रेसचा डबा म्हणजे काळपट लाल. त्याच्यानंतरच्याला निळा. नव्वदच्या दशकात व्हॅक्यूम ब्रेक जाऊन एअर ब्रेक येऊ लागले आणि एअर ब्रेकच्या डब्यांना निळा रंग मिळाला. दोन्ही जातीचे डबे एका गाडीत जोडून चालत नव्हते, त्यामुळे यार्डातल्या माणसाला लांबूनच फरक दिसणे उपयोगाचे होते. नंतर एलएचबीचा लाल-करडा आला, आणि २०१८ पासून 'उत्कृष्ट' योजनेतल्या जुन्या डब्यांना बदामी-तपकिरी. कुणी कपाटातला निळा डबा काढून 'हा १९७५ चा साधा शयनयान' म्हणून दाखवला, तर रंगच त्याची चूक सांगतो. असा रंग वाचता येणे, हेच या पुस्तिकेतून शिकवायचे आहे.

पण वाचायचे कशावरून? पहिला पुरावा शब्द, आणि शब्द निसरडे असतात. 'रॉयल निळा' हे वर्णन आपल्या हाती आहे, पण वर्णन म्हणजे रंगाचा डबा नव्हे. ब्रिटनमध्ये तयार रंगांची क्रमांकवार प्रमाण-यादी पहिल्यांदा निघाली तीही १९३० मध्येच, म्हणजे ज्या वर्षी डेक्कन क्वीन धावू लागली त्याच वर्षी. त्यामुळे पुढच्या याद्यांत ज्या नमुन्याला 'रॉयल ब्लू' हे नाव मिळाले, तोच निळा माटुंग्याला लागला होता असे मानून मॉडेल रंगवणे म्हणजे नातवाच्या जन्मदाखल्यावरून आजोबांचे वय काढण्यासारखे आहे. आपल्याकडे भारतीय मानक संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली. तिच्या मानकांतला पहिला क्रमांक राष्ट्रध्वजाचा आणि पाचवा क्रमांक तयार रंगांच्या छटांचा. 'आयएस ५' या नावाने पेंटर मंडळी अजून तो ओळखतात. एकदा क्रमांक आला की बोलणे सोपे होते. ऑक्सफर्ड निळा म्हणजे १०५, सिग्नलचा लाल ५३७, टपालपेटीचा लाल ५३८. शेवटच्या दोन लालांमधला फरक तोंडी समजावून सांगायला बसलात तर संध्याकाळ होईल.

क्रमांक नसेल तिथे नावावर भिस्त, आणि नावांत मराठी गरीब नाही. रेल्वेच्या कागदांत ज्याला सरसकट 'मरून' म्हणतात, त्याच्या पोटात आपल्या घरातले किती रंग बसतात पाहा: डाळिंबी, किरमिजी, आमसुली, अंजिरी, विटकरी, हिरमुजी. यातल्या किरमिजीची गंमत अशी की तो आणि इंग्रजांचा 'क्रिमसन' एकाच मुळाचे. दोन्ही त्या किड्याच्या अरबी नावावरून आले, ज्याच्यापासून पूर्वी लाल रंग काढत. हिरमुजी म्हणजे लोखंडाच्या गंजाच्या कुळातली लाल माती. तो रंग उन्हाला सहसा दाद देत नाही. किरमिजी तसा नाही. जुन्या काळचे किरमिजी रंग उन्हात उडत. म्हणजे नाव नीट उच्चारले की रंग पुढे कसा म्हातारा होईल तेही त्यातच येते. म्हणून या पुस्तिकेत प्रत्येक नमुन्यापुढे क्रमांक असेल तिथे क्रमांक दिला आहे आणि शेजारी एक मराठी नाव. नाव आत्याच्या कसोटीवर घासून घेतले आहे.

दुसरा पुरावा फोटो. इथे सगळ्यात जास्त फसगत होते, कारण फोटो खोटे बोलत नाही असे आपल्याला वाटते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर्रास वापरात असलेल्या 'ऑर्थोक्रोमॅटिक' फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लाल तिच्यावर काळा उमटे आणि निळा पांढुरका. अशा फिल्मवर लाल पट्ट्यांचा रुपेरी डबा काढला असता, तर काळ्या पट्ट्यांचा डबा दिसला असता. आणि गर्द निळा डबा पाहून कुणी 'फिकट आकाशी' म्हणून मोकळा झाला असता. लाल नीट पकडणारी 'पॅनक्रोमॅटिक' फिल्म पुढे रुळली, पण म्हणून एखाद्या जुन्या फोटोमागे कोणती फिल्म आहे ते फोटो सांगत नाही. रंगीत फोटोंवरही डोळे मिटून विसंबू नये. जुन्या रंगीत प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो आणि सगळे चित्र तांबूस होत जाते. तेव्हा काकांच्या लग्नाच्या अल्बममध्ये मागे उभी असलेली गाडी लाल दिसली तर आधी काकूंच्या चेहऱ्याकडे पाहावे. त्याही लालसर दिसत असतील, तर गाडीचा रंग ठरवायची घाई करू नये.

तिसरा पुरावा डोळा, आणि डोळ्याला उजेड लागतो. याचा धडा मला पैसे देऊन मिळाला. एका डब्याच्या दुरुस्तीसाठी मी रंगाच्या दुकानात जाऊन निळा जुळवून घेतला. काउंटरवर, ट्यूबलाइटखाली, जुना आणि नवा यांत केसाचा फरक नव्हता. घरी उन्हात आणून बघतो तर नवा चक्क हिरवट. दुकानदाराची काही चूक नव्हती. दोन रंग वेगवेगळ्या द्रव्यांचे असले की एका उजेडात जुळे भाऊ आणि दुसऱ्या उजेडात परके, असे होऊ शकते. फलाटावरच्या पिवळ्या सोडियम दिव्याखाली निळा डबा काळा दिसायचा, तोही याच भावकीतला प्रकार. मोबाइलच्या पडद्यावर रंग जुळवणाऱ्यांना तर हात जोडूनच विनंती आहे. पडदा स्वतःचा उजेड देतो, आणि प्रत्येक पडद्याचा वेगळा. या पुस्तिकेतला प्रत्येक रंग मी उत्तरेच्या खिडकीपाशी, सकाळी दहा ते बारा या वेळात, आकाश निरभ्र असताना पाहिला आहे. उरणच्या पावसाळ्यात अशी सकाळ मिळणे कठीण, म्हणून काम लांबले.

डोळ्याविषयी अजून एक. कारखान्याचा नेमका रंग मिळाला आणि तो तस्साच मॉडेलवर लावला, तर मॉडेल खोटे वाटते. जड, अंधारे वाटते. मी स्वतः हे करून पाहिले आणि महिनाभर खंतावलो. कारण साधे आहे. ८७व्या हिश्शाचा डबा आपण दोन फुटांवरून पाहतो, म्हणजे खरा डबा सुमारे १७४ फुटांवरून पाहिल्यासारखे. तेवढ्या अंतरावर मधली हवा, धूळ आणि उजेड रंगाला थोडा फिका, थोडा राखाडी करतात. शिवाय एवढ्याशा पृष्ठभागावर गडद रंग अधिकच गडद भासतो. म्हणून नवे मॉडेल रंगवणारे जाणते लोक मूळ रंगात पांढऱ्याचा किंवा करड्याचा थेंब टाकतात. किती टाकायचा याचे कोष्टक देण्याचा मोह मी टाळला आहे. आपल्या खोलीतला उजेड आपल्यालाच ठाऊक.

चौथा पुरावा खुद्द डबा, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत बोलका. हे मला शिकवले उरणजवळच्या करंज्याच्या एका होडी रंगवणाऱ्याने. १ जूनला मासेमारी बंद होते, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, आणि ३१ जुलैपर्यंतच्या त्या मुदतीत त्यांची डागडुजी आणि रंगकाम चालते. खाऱ्या वाऱ्यात वर्षभर राहिलेल्या होडीवर हात फिरवला की तळव्याला पिठासारखा रंग लागतो. उन्हाने रंगातले तेल-रोगण मरते आणि नुसती भुकटी उरते. हा गृहस्थ नवा हात देण्याआधी फळीवर एका जागी पॉलिश पेपर गोल-गोल घासत असे. रुपयाएवढी वाटोळी जागा उघडी पडे आणि तिच्यात एकात एक अशी वर्तुळे दिसत: यंदाचा निळा, त्याखाली हिरवा, त्याखाली पुन्हा निळा, मग पांढरा, सगळ्यात आत शेंदरी अस्तर आणि लाकूड. "ही होडी मालकाच्या भावाची होती तेव्हा हिरवी होती," तो बोट ठेवून म्हणाला. मी घरी येऊन एका मोडक्या डब्याच्या तळाशी, दिसणार नाही अशा जागी, तसेच केले. भिंगाखाली तीन वर्तुळे दिसली. मला मूळ वाटलेला हिरवा सगळ्यात वरचा निघाला.

ज्याला घासणे जमणार नाही, त्याने घडीच्या आत पाहावे. छपराच्या कडेखाली, जिभांच्या दुमडीत, बोगी जिथे तळाला टेकते तिथल्या गोलात, दाराच्या मुठीच्या मागे. उजेड, धूळ आणि बोटे जिथे पोचत नाहीत तिथे रंग जपलेला राहतो. पत्र्यावर छापलेला डबा आणि फवारलेला डबा यांतला फरक दहापट भिंगातून कळतो. छापलेल्यात शाईच्या बारीक ठिपक्यांची किंवा रेघांची वीण दिसते, फवारलेल्यात दिसत नाही. छापील डब्यावर ब्रशाचा फराटा दिसला, तर मधे कुणाचा तरी हात फिरला आहे. नोटा तपासायचा जांभळा दिवा जवळ असेल तर आणखी उत्तम. अंधारात तो डब्यावर धरला की जस्ताच्या सफेद्याचा पांढरा पिवळट-हिरवा चमकतो आणि टायटॅनियमचा पांढरा तसा चमकत नाही. पांढऱ्या रेघेचा निम्मा भाग चमकला आणि निम्मा विझलेला राहिला, तर ती रेघ दोन वेगळ्या काळांत ओढलेली आहे. उघड्या डोळ्याला हे कधीच दिसले नसते.

एक सूचना मात्र कळकळीची आहे. जुन्या खेळण्यांच्या रंगात शिसे असते. कोरडे घासू नका, पाण्याचा हात देऊन घासा. तोंडाला कापड बांधा, काम झाल्यावर हात धुवा, आणि लहान मुलांना त्या टेबलाजवळ फिरकू देऊ नका.

माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूकही इथेच सांगून टाकतो. मटण स्ट्रीटचा तो डबा स्वच्छ करावा म्हणून मी उत्साहाने कापसाला थिनर लावून त्याची एक बाजू पुसली. काळपटपणा गेला, हे खरे. पण वरचे रोगणही गेले आणि त्याखालच्या पिवळ्या रेघेचा अर्धा भाग कापसावर आला. जुने रोगण पिवळट होते, त्यामुळे खालचा पांढरा सायीसारखा दिसतो आणि निळा हिरवट. ते काढल्यावर खरा रंग दिसेल ही कल्पना ठीक आहे, पण रोगण आणि रंग यांची सोयरीक इतकी जुनी असते की एकाला ओढले की दुसरा मागोमाग येतो. तो डबा आजही माझ्या कपाटात आहे. एक बाजू काळवंडलेली पण पुरी, दुसरी स्वच्छ पण अर्धी. नव्या माणसाला मी आधी दुसरी बाजू दाखवतो.

म्हणून या पुस्तिकेचा आग्रह ओळखण्याचा आहे, रंगवण्याचा नाही. तुम्ही स्वतः नवे मॉडेल करत असाल, तर रेल्वेचा रंग शोधा आणि खुशाल लावा. पण कारखान्यातून आलेला जुना डबा हाती असेल, तर त्यावरचा रंग हा त्या कारखान्याचा दस्तऐवज आहे. तो रेल्वेच्या रंगाशी जुळत नसेल तरीही. खेळणी करणाऱ्याने त्या वर्षी कोणता लाल मुलांना आवडेल असे ठरवले, ही माहिती त्या चुकीच्या लालातच लिहिलेली असते.

मांडणी सोपी ठेवली आहे. पहिल्या भागात रेल्वेनिहाय आणि सालवार रंगांची यादी आहे. जीआयपीपासून ५ नोव्हेंबर १९५१ रोजी तिची मध्य रेल्वे होईपर्यंत, आणि तिथून एलएचबीपर्यंत. नेरळ-माथेरानच्या दोन फुटी गाडीला वेगळे प्रकरण दिले आहे. १९०७ पासून ती आमच्याच जिल्ह्यात धावते आणि तिचे खरे डबेसुद्धा मॉडेलसारखेच दिसतात, एवढा पक्षपात मला माफ असावा. दुसऱ्या भागात खेळण्यांच्या कारखान्यांचे रंग आहेत, तिसऱ्यात तपासणीच्या पद्धती. प्रत्येक नोंदीपुढे तीनपैकी एक शब्द आहे: 'खात्री', 'बहुधा' किंवा 'अंदाज'. 'खात्री' म्हणजे कागद आणि डबा दोन्ही एकच सांगतात. 'बहुधा' म्हणजे दोहोंपैकी एक. 'अंदाज' म्हणजे माझा डोळा. वाचकांनी 'अंदाज' खोडून 'खात्री' लिहावे, यासाठी समास मुद्दाम रुंद सोडला आहे.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असे घरात अनेकदा विचारले गेले. माझ्याकडे भारदस्त उत्तर नाही. मी जिथे राहतो तिथून न्हावा-शेव्याचे बंदर जवळ आहे. रस्त्याने कंटेनर जातात, एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे. त्यांत एक कालचा आणि एक दहा वर्षे समुद्रावर फिरलेला शेजारी आला, की ते एका रंगाचे आहेत हे कुणाला सांगून पटणार नाही. रंग टिकत नाही, याची आम्हा उरणकरांना सवय आहे. खारी हवा ग्रिलला सोडत नाही, दुकानाच्या पाटीला सोडत नाही. पण टिकत नाही म्हणूनच कुणीतरी तो लिहून ठेवला पाहिजे, आणि लिहिताना तारीख घातली पाहिजे. १२ जानेवारी २०२४ रोजी खारकोपरपासून उरणपर्यंतचा रूळ सुरू झाला आणि आमच्या गावाला लोकल आली. रोज तिने जाणाऱ्या माणसाला डोळे मिटायला सांगून विचारा: डब्यावरचा पट्टा कोणत्या रंगाचा? मी विचारले आहे. एका बाकावरच्या चौघांकडून तीन उत्तरे आली. अजून पन्नास वर्षांनी कुणी त्या लोकलचे मॉडेल करायला बसेल तेव्हा त्याला या चौघांपैकी कुणाचे ऐकावे लागेल, या विचाराने मला झोप येत नाही. मी फलाटावर जाऊन फोटो काढले, डब्याशेजारी करड्या रंगाचा एक पुठ्ठा धरून, म्हणजे पुढे फोटोचा रंग घसरला तर पुठ्ठ्यावरून सावरता यावा. मागे तारीख, वेळ आणि आकाश कसे होते ते लिहिले.

आता ऋणनिर्देश. करंज्याच्या त्या रंगाऱ्याचे नाव घालू का म्हणून विचारले, तर तो म्हणाला, "नाव कशाला, माझी होडी बघा." ज्यांनी आपल्या कपाटांची कुलपे उघडून दिली आणि मला छपरे काढू दिली, त्या छंदी मित्रांचा मी ऋणी आहे. छपरे परत बसवताना ज्यांच्या जिभा तुटल्या, त्या डब्यांच्या मालकांचा अधिकच.

आत्या आता नाही. तिचे ते लुगडे ट्रंकेत आहे. पुस्तिकेतल्या डाळिंबी नमुन्याचा रंग मी त्याच्यावरूनच जुळवला: घडीच्या आतून, उत्तरेच्या खिडकीपाशी, सकाळी अकराला. त्या नोंदीपुढे 'खात्री' लिहिले आहे.

उरण
नारळी पौर्णिमा